बोट बुडाली त्या दिवसाची सकाळ

९ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. सगळं ठीक आहे, म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या मते ठीक आहे. माझं विचारशील तर पाय एका जागी ठरत नाहीत. तू मला लहानपणापासून भिंगरी म्हणतेस, आता या भिंगरीच्या पोटात दुसरी भिंगरी फिरते आहे आणि दोघी एकमेकींना झोपू देत नाहीत. दुकानाचे मालक म्हणतात घरी बस. पण घरी बसले की भिंती खायला उठतात, म्हणून अजून जाते. चष्म्याच्या काचा घासायच्या चाकापुढे पोट अडतं, मग मी तिरकी बसते. काल एका गृहस्थांची डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली आणि त्यांनी ती घालून बरं दिसतंय म्हणून सांगितलं. यावरून आमच्या दुकानाची कल्पना कर.

फोन का केला नाही म्हणून फुगून बसू नकोस. फोनवर तू अशी ओरडतेस की इथले शेजारी खिडक्या लावून घेतात. शिवाय मला जे विचारायचं आहे ते विचारलं की तू विषय बदलतेस. कागदावर तुला विषय बदलायला जरा मेहनत पडेल.

तर ऐक. बाळ आडवं आहे. आता ते फिरायचं नाही, ऑपरेशन करावं लागणार. डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन फिरवलं आणि अठरा फेब्रुवारीवर थांबल्या. त्याआधी फार लवकर होतं आणि त्यानंतर त्या थांबायला तयार नाहीत. मग जरा चाचरत म्हणाल्या, की ही तारीख पुष्कळ जण टाळतात, तुमची काही हरकत नाही ना? मी म्हटलं, माझा स्वतःचाच जन्म त्या तारखेचा, बोट बुडाली त्याच दिवशीचा. झालं! बाईंनी पेन खाली ठेवलं आणि त्या दिवशी आपण कुठे होतो ते सांगायला सुरुवात केली. शाळेत होत्या म्हणे, गणिताचा पेपर होता, आणि हेडमास्तर वर्गात येऊन रडले. वजन घेणारी नर्स दारातच थांबली आणि तिनेही तिचं सांगितलं. बाहेर रांग लागलेली, आणि आत आम्ही तिघी बोटीत बसलेल्या.

मावशी, तीस वर्षं हेच चाललंय. मी माझी जन्मतारीख सांगते आणि समोरच्याचा चेहरा पडतो, आणि मग तो मला तो कुठे होता ते सांगतो. शाळेत माझ्या वाढदिवसाला आधी दोन मिनिटं गप्प उभं राहावं लागायचं. लग्न ठरताना आमच्या मास्तरांनीही पहिल्या भेटीत तेच सांगितलं, तिसरीत होते आणि बाकाखाली हरवलेलं खोडरबर शोधत होते. अख्ख्या देशाला आपापलं खोडरबर लख्ख आठवतंय. मला कुणी बघितलं का गं त्या दिवशी? मी कशी दिसत होते, रडले का, किती वाजता झाले, कुणी मला आधी घेतलं? आई सांगायला लागायची आणि मध्येच उठून चहा टाकायची. आता आईला जाऊन चार वर्षं झाली, तेव्हा तूच सांग.

दुसरी गोष्ट बाबांची, आणि खरं तर हीच पहिली आहे. त्या दिवशी बाबा मला इथे हवे आहेत. मला माहीत आहे, त्या तारखेला ते सकाळीच घराबाहेर पडतात आणि संध्याकाळपर्यंत कुणाच्या नजरेस पडत नाहीत. काका त्या बोटीवर दोर टाकायच्या कामाला होता, बोटीबरोबर गेला, बाबांनी त्यानंतर बोटीवरची नोकरीच सोडली, हे सगळं मला कळतं. म्हणून मी कधी वाढदिवसाचा हट्ट केला नाही. पण या वेळी मला भीती वाटते आहे, मावशी. आई नाही. त्या टेबलावर मला झोपवतील तेव्हा दाराबाहेर बाबा बसलेले आहेत एवढं मला ठाऊक असायला हवं. फोनवर विचारलं तर "बघू" म्हणाले आणि तिकडे थंडी किती आहे ते विचारलं. बाबांचं "बघू" म्हणजे नाही, हे तुलाही माहीत आहे. तू काहीतरी कर.

माया आहेच, ती जरा जास्त लागेल सध्या.
तुझी,
भिंगरी

---

१५ जानेवारी

चि. भिंगरी हिस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आधी माझं ऐक. दुकानात जाणं बंद कर. चाकाची ती धूळ नाकातोंडात जाते आणि ती काही बाळाला चष्मा लावायच्या कामाची नाही. उंच जागी चढून डबे काढू नकोस, तुझी खोड मला माहीत आहे. पाय सुजत असतील तर खाली उशी घे. मास्तरांना म्हणावं भांडी घासल्याने हात झिजत नाहीत. बाळासाठी चार झबली शिवली आहेत, गुंड्या लावल्या नाहीत, बंद लावले आहेत, टोचायला नकोत.

त्या दिवसाचं विचारलंस. मी मशीनवर होते. शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर होती, दुसऱ्या दिवशी द्यायची होती. समोरच्या घरात रेडिओ चालू होता, तो एकाएकी बंद पडला आणि मग ते रडवं संगीत वाजवायला लागले. मी शर्टाला कॉलर लावत होते. बातमी ऐकली आणि शिवण सोडायचं भान राहिलं नाही, पाय चालूच. नंतर बघितलं तर कॉलर उलटी लागलेली. तो शर्ट तसाच ठेवला आहे मी, ट्रंकेत.

तुझ्याबद्दल म्हणशील तर तू सकाळीच झालीस. दुपारी मी घरी होते. बाळं सगळी सारखीच दिसतात गं, काय सांगायचं त्यात. धडधाकट होतीस.

तुझ्या बाबांकडे जाऊन आले. नळाखाली डोकं घालून बसले होते, वायसर बदलत होते. मी तारीख सांगितली. त्यांनी विचारलं, त्याच दिवशी करायलाच हवं का? मी म्हटलं, डॉक्टर म्हणतात. ते बरं म्हणाले आणि पाना शोधायला आत गेले, ते बाहेर यायलाच तयार नाहीत. मी तिथे ताटकळत उभी, आणि नळातून पाणी जातंय. शेवटी मीच नळावर बोट धरून बसले. या माणसाशी बोलायचं म्हणजे माझं रक्त आटतं. पण तू मनाला लावून घेऊ नकोस. पुन्हा जाईन.

आपली तब्येत सांभाळ म्हणजे मला निराळं पत्र लिहावं लागणार नाही.
तुझी,
मावशी

ता. क. झबल्यांचा रंग पिवळा आहे. मुलगा-मुलगी कुणालाही चालेल.

---

१९ जानेवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तू कधी पत्राला उत्तर देत नाहीस हे जगजाहीर आहे. या वेळी दिलं नाहीस तर बाळाला पहिला शब्द मी "लबाड" शिकवीन आणि तुझा फोटो दाखवून शिकवीन. मामीला माझा नमस्कार सांग.

मावशीला एक सरळ प्रश्न विचारला होता, मी जन्मले तेव्हा काय झालं? तिने मला एक उलटी कॉलर आणि नळाचा वायसर पाठवला आहे. काहीतरी हातचं राखून लिहिते आहे, माझी खात्री आहे. ती दुपारी घरी होती म्हणे. तिची सख्खी बहीण बाळंत झालेली, आणि ही गणवेश शिवत बसली? एरवी कुणाला शिंक आली तरी मावशी पिशवी काखोटीला मारून हजर असते. तिला घरी कुणी पाठवलं, दवाखान्यात कोण होतं, बाबा कुठे होते, मला कशाचाच थांग लागत नाही. काल मी स्वयंपाकघरातले सगळे डबे काढून पुसले आणि पुन्हा लावले, आज परत काढले. मास्तर माझ्याकडे बघून शाळेत लवकर जातात.

तुझी दाढीची गोष्ट मला पाठ आहे, तीच पुन्हा सांगितलीस तरी चालेल, पण या वेळी ती संपेपर्यंत सांग. तू नेहमी न्हाव्याच्या खुर्चीवरून उठतोस आणि सगळे हसतात आणि गोष्ट तिथेच थांबते. उठून तू गेलास कुठे?

तुझा लोभ आहे म्हणतात, तो एकदा कागदावर दिसू दे.
तुझी भाची,
भिंगरी

---

२४ जानेवारी

चि. भिंगरीस,
मामाचे आशीर्वाद, आणि धमकीला घाबरून लिहितो आहे याची नोंद घे.

बस चालवणाऱ्या माणसाच्या हाताला पेन म्हणजे शिक्षा. आधी सांगून टाकतो, अक्षर लागलं नाही तर मास्तरांकडून वाचून घे.

त्या दिवशी माझी सुट्टी होती. सकाळी दवाखान्यात येऊन तुला काचेतून बघून गेलो होतो, मला काही तू पसंत पडली नव्हतीस. मामा झालो म्हणून दाढी करायला बसलो. ऐटीत बसलो होतो, डोळे मिटून. न्हाव्याने एक गाल केला होता आणि दुसऱ्याला साबण लावला होता. तेवढ्यात रेडिओवर ती बातमी. न्हाव्याचा हात थांबला. दुकानातले सगळे उठून रेडिओजवळ गेले, मी खुर्चीत तसाच, मानेभोवती फडकं. मग ते बोटीवरच्या नोकरमाणसांची नावं वाचायला लागले, आणि तिसरं की चौथं नाव दाजींचं! तुझ्या बाबांचं! मी खुर्चीवरून जी उडी मारली ती फडक्यासकट. एका गालाला साबण, एक गाल गुळगुळीत, असा मी अख्खा बाजार रडत रडत पळत गेलो. लोकांना वाटलं वेड लागलं. वाटेत तुझी मावशी भेटली, तिच्या हातात शर्ट होता आणि पायात एकच चप्पल. आम्ही दोघं दवाखान्यात घुसलो, आता ताईला कसं सांगायचं म्हणून जिन्यात थोडं रडून घेतलं, आणि वर जाऊन बघतो तर दाजी खाटेशेजारी स्टुलावर बसलेले. जिवंत! मी त्यांना उचललंच. माझा साबण त्यांच्या शर्टाला लागला. मी हसत होतो आणि ते माझ्याकडे बघत नव्हते.

मला मेल्याला कुठे लक्षात आलं तेव्हा. कचेरीतल्या लोकांनी बिल्ल्याच्या नंबरावरून नावं दिली होती. दाजींचा बिल्ला बोटीवर, तर नाव दाजींचंच लागणार. ती पाळी, स्वतःची सुट्टी असताना, कुणी केली ते त्या खोलीत फक्त दाजी आणि ताई जाणत होते. मला कळलं तेव्हा मी तो साबण भिंतीला पुसला आणि खाली बसलो.

म्हणून ती गोष्ट मी खुर्चीवरून उठण्यापर्यंतच सांगतो. हे तुला ठाऊकच असेल, आता काय लपवायचं. त्या दिवसापासून मी दिवसा दाढी करत नाही, रात्रीच करून टाकतो.

ऑपरेशनला घाबरू नकोस. हल्ली ते बसचं टायर बदलण्याइतकं सोपं झालंय म्हणे.
प्रेम आहे, अक्षरावर जाऊ नकोस.
मामा

---

२७ जानेवारी

ती. मावशीस,
नमस्कार.

मामाचं पत्र आलं. मला काहीही ठाऊक नव्हतं, मावशी. त्या बिचाऱ्याला वाटलं तुम्ही मला सांगितलं असेल.

मी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग मास्तरांना वाचायला लावलं. काकाची सुट्टी होती आणि पाळी बाबांची होती. बाबांचा बिल्ला लावून काका गेला. कारण बाबा दवाखान्यात होते, कारण मी झाले होते. एवढं सरळ आहे ते, आणि तीस वर्षं मला वाटत होतं की माझा वाढदिवस आणि ती बोट यांची नुसती गाठ पडली!

आता सगळं निराळंच दिसतंय. आई सांगता सांगता चहाला का उठायची ते कळलं. बाबा माझं सगळं करायचे, शाळेत सोडायचे, वेण्या घालायचे, पण माझ्याकडे बघता बघता मध्येच दुसरीकडे बघायचे, ते मला आठवतंय. मी समजायचे बाबा अबोल आहेत. मावशी, मला एकच सांग. माझं तोंड बघितलं की त्यांना काका आठवतो का? मी उशिरा झाले असते, एक दिवस पुढे झाले असते, तर काका असता. हे त्यांच्या मनात येत असेल की नाही? आणि आता त्याच दिवशी मी त्यांना म्हणते आहे, या आणि माझ्या दाराबाहेर बसा. कोणत्या तोंडाने म्हणते आहे मी!

दुकानात जाणं सोडलं. घरात फेऱ्या मारते, खिडकीशी जाते, परत येते. डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं, तारीख पुढे ढकलता येईल का? त्या रागावल्या. आता त्यांना काय सांगू?

बाबांना यातलं काही सांगू नकोस. येऊ नका म्हणून सांग हवं तर. मास्तर आहेत. मी राहीन नीट.

तुझी,
भिंगरी

---

१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

मामाला चांगला फैलावर घेतला. तो रडला, मग मीही रडले, मग आम्ही चहा प्यालो.

तुझ्या बाबांनी आम्हा सगळ्यांना शब्द द्यायला लावला होता, की पोरीला हे कळता कामा नये. म्हणून आम्ही तुझी ती सकाळच सांगायची सोडली. ती सांगायला गेलं की दुपार येतेच. सोपं नव्हतं ते, पोरी. दुपारी मी घरी होते, कारण मला वाटलं आता सगळं छान झालंय, तुझी आई सुखरूप आहे, बाळ धडधाकट आहे, आपण जाऊन गणवेश उरकावेत. इतकी खुशीत मशीन चालवत होते मी.

आता रागाव हवं तर. तू नको म्हणालीस तरी तुझं पत्र, आधीच्या पत्रासकट, मी नेऊन त्यांच्या हातात ठेवलं. तू एवढ्या फेऱ्या मारतेस आणि मी ते ट्रंकेत ठेवून झोपू? त्यांनी दारातच उभं राहून वाचलं. मला आत या म्हणायचंही त्यांना सुचलं नाही. दुसऱ्यांदा वाचलं. मग विचारलं, तुमच्याकडे रेघांचा कागद आहे का?

मी चार कागद दिले. पुढचं मला माहीत नाही.

पायाखाली उशी घेतेस ना?
मावशी

---

६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
बाबाचे आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही. तुझी आई लिहायची आणि खाली मी सही करायचो. त्यामुळे काय आधी लिहायचं ते जमत नाही. तू मावशीला जे विचारलंस त्याच क्रमाने लिहितो.

तू सकाळी झालीस. वॉर्डाची फरशी पुसत होते, बादल्यांचा आवाज चालला होता. तू आधी रडली नाहीस, शिंकलीस. नर्स हसली. तुझा रंग उकडलेल्या बिटासारखा होता आणि एक मूठ इतकी घट्ट होती की ती कुणाला उघडेना. केस पुष्कळ होते, ओले. मी तुला घ्यायला घाबरलो. आधी आईने घेतलं, मग मावशीने, मग तुझ्या काकाने. मी नंतर.

काका अंघोळ करून तसाच आला होता, डोकं पुसलंही नव्हतं. त्याला बाळ धरता येत नव्हतं. आमच्याकडे दोराची गुंडाळी जशी दोन्ही हातांवर आडवी घेतात, तसं त्याने तुला घेतलं. म्हणाला, नाक आपल्या आईचं आलंय, हिचं काही खरं नाही. तुझ्या आईला ताप चढला होता. माझी दुपारची पाळी होती आणि माझा पाय निघत नव्हता. तेव्हा त्यानेच माझ्या शर्टाचा बिल्ला काढला आणि स्वतःच्या शर्टाला लावला. आमच्यात असंच चालायचं. ज्याच्या छातीवर बिल्ला त्याची पाळी, कचेरीत कुणी विचारायला जात नसे, बोट चालवणाऱ्या सारंगाला बिल्ला दिसला की झालं. तो जिन्यातून शीळ घालत खाली गेला. नर्स ओरडली त्याला.

दुपारी नर्सच्या टेबलावरच्या रेडिओने माझं नाव घेतलं. शेजारच्या खाटेवरची बाई अरेरे म्हणाली. मी तिथेच बसलो होतो. तुझी आई माझ्याकडे बघायला लागली आणि तिने माझा हात धरला. पुढचं मामाने लिहिलं आहे. माझ्यासाठी रडत आलेली माणसं मी जिवंत आहे बघून नाचली. त्यांचा काही दोष नाही. पण तो आनंद मला सोसला नाही, भिंगरी, अजून सोसत नाही.

तू विचारलंस, तुझं तोंड बघून मला तो आठवतो का. आठवतो. नाक तेच आहे. म्हणून मध्येच दुसरीकडे बघायचो, डोळे भरून यायचे आणि वेणी नीट येत नसे. पण तुझ्यामुळे तो गेला असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. माझ्यामुळे गेला असं पुष्कळ वर्षं आलं. तेच उद्या तू स्वतःबद्दल मनात आणशील या भीतीने सगळ्यांची तोंडं बंद केली. आणि तू तेच केलंस, एका दिवसात.

आता एक गोष्ट लिहितो, ती मावशीला आणि मामालाही ठाऊक नाही. तुझ्या आईला होती. बोटीवर चहा विकणारा एक माणूस होता, त्या बोटीवरचा तो एकटाच पोहून वाचला. महिन्याभराने तो मला शोधत घरी आला. त्याने सांगितलं, की बोट धक्क्यावरून सुटली आणि तुझा काका दोर गुंडाळायचा सोडून वर सारंगाकडे गेला आणि मी काका झालो म्हणून सांगितलं. तो सारंग म्हातारा होता, दिवसभरात दोन शब्द बोलत नसे. त्याने भोंग्याची साखळी धरली आणि एक लांब भोंगा दिला. लोक विचारायला लागले, काय झालं, भोंगा का दिला? तर काकाने डेकवर उभं राहून सगळ्यांना सांगितलं, पुतणी झाली. माणसं हसली, टाळ्या वाजल्या. एका बाईने नाव काय ठेवणार विचारलं.

बोट बुडाली ती बऱ्याच वेळाने, पलीकडच्या वाळूच्या पट्ट्याशी. माणसं फार भरली होती. पण धक्क्यावर जे उभे होते त्यांनी तो भोंगा ऐकला होता. चौकशीत सगळ्यांनी तेच सांगितलं, की सुटताना बोटीने कारण नसताना एक भोंगा दिला. कारण काही कुणाला सापडलं नाही. मग पेपरवाल्यांनी लिहिलं, की बोटीला आधीच कळलं होतं आणि तिने हाक मारली. ते लोकांच्या मनात बसलं. तो चहावाला आणि मी, आम्ही दोघं गप्प राहिलो. आम्ही बोललो असतो तर खलाशी मौज करत होते म्हणून बोट बुडाली असं म्हणायला लोकांनी कमी केलं नसतं, आणि तो स्वतःची बाजू सांगायला नव्हता.

त्या तारखेला दरवर्षी धक्क्यावर मोठी सभा असते. मंत्री येतात. शेवटी सगळे उठून उभे राहतात आणि तो भोंगा एकदा वाजवतात. हजारो माणसं मान खाली घालून उभी असतात, पुरुषसुद्धा डोळे पुसतात. मी दरवर्षी तिथेच जातो. मागे, जाळी वाळत घालतात त्या भिंतीशी उभा राहतो. भोंगा वाजला की मी मान खाली घालत नाही. मी त्याला सांगतो, पोरगी चालायला लागली. पोरगी पास झाली. पोरीला चष्म्याच्या दुकानात काम लागलं, हात चांगला आहे तिचा. लग्न झालं, जावई मास्तर आहे, गरीब आहे स्वभावाने. तुझा वाढदिवस आपल्याकडे करत नाहीत असं तुला वाटत आलं. तीस वर्षांत एकही चुकला नाही. त्या दिवशी या देशात तुझ्या जन्माचा आनंद करणारी एवढी माणसं त्या बोटीवरच होती.

तारीख बदलू नकोस. डॉक्टरीणबाईंना तसं सांग. मी आदल्या दिवशीच्या गाडीने निघतो आहे, तिकीट काढलं. मावशीने झबली दिली आहेत. स्टेशनवर कुणाला पाठवू नकोस, मी विचारत येईन. दवाखान्यात बाहेर स्टूल असतं, नसलं तर उभा राहीन.

या वर्षी भोंगा माझ्यावाचून वाजू दे. तिथे सांगायचं होतं ते सगळं सांगून झालं. आता मी तुझ्या दाराबाहेर बसणार आहे.

आशीर्वाद पत्रात मावत नाहीत, घेऊन येतो.
बाबा